मुठीचं माप

सुरीचं पातं झिजतं ते भाजीवर आणि दगडावर. मूठ झिजते ती माणसाच्या हातानं. म्हणून वर्षानुवर्षं एकाच बाईनं वापरलेली मूठ उजेडात धरून पाहावी. त्या बाईनं कुठे जोर दिला आणि कुठे हात सैल सोडला, सगळं तिच्यावर उमटलेलं असतं.

आईच्या सुरीच्या मुठीला डाव्या अंगाला एक खळगा पडला होता, अंगठ्याच्या पेराएवढा, आत बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत. वरच्या कडेला तर्जनी टेकते तिथली धार मोडून गोल झाली होती. शेवटाकडे, करंगळीच्या जागी, लाकूड जवळपास नव्यासारखं होतं, कारण आईची करंगळी काम करताना कायम जराशी उचललेली असते. हळद, तेल आणि कांद्याच्या पाण्यानं शिसवाचा रंग काळाकुट्ट झालेला. मागच्या रिव्हेटपासून एक चीर निघून टोकापर्यंत गेली होती. सुरी दाबली की ती चीर उघडायची, सोडली की मिटायची.

ही सुरी सांगलीची, आठवड्याच्या बाजारात घेतलेली. जुन्या करवतीच्या पात्यातून कापून केलेली, पातळ आणि सरळ. असल्या पोलादाला गंज लवकर धरतो, पण धारही अशी धरते की पिकलेला टोमॅटो नुसत्या वजनानं चिरला जावा. आई चेन्नईत, मैलापूरला माझ्याकडे राहायला आली तेव्हा घरातल्या वस्तूंपैकी फार थोड्या बरोबर आणता आल्या. विळी सांगलीतच राहिली. गुडघे धरल्यापासून तिला खाली बसता येईना, आणि उभ्यानं विळी वापरता येत नाही. सुरी मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत आली.

विळी सुटली याचा हातावर काय परिणाम झाला हे माझ्या पुष्कळ उशिरा ध्यानात आलं. विळीला मूठच नसते. पातं पाटाला घट्ट बसवलेलं, पाट गुडघ्याखाली किंवा पायाखाली दाबलेला, दोन्ही हात भाजीला मोकळे. भाजी पात्यावर नेली की झालं, पकडून ठेवायचं काही नाही. आमच्या शेजारच्या मामी अजून अरिवाळमणैवर बसतात. ती म्हणजे आपली विळीच. त्यांची बोटं वयाच्या मानानं सरळ आहेत. सुरीचं काम वेगळं. तिथे कापण्याइतकीच ताकद नुसत्या धरण्यात जाते आणि सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी येतो. आईचा नेमका तोच सांधा सुजलेला. त्यात मूठ झिजून बारीक झालेली. वस्तू जितकी बारीक तितकी बोटं जास्त मिटावी लागतात, आणि संधिवाताच्या बोटांना मिटणं हेच तर जमत नाही.

म्हणजे ती मूठ आईच्या हाताला अगदी बेतून झाली होती खरी, पण कितीतरी वर्षांपूर्वीच्या हाताला.

मैलापुरात मराठी माणूस नवा नाही. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे तंजावरला गेले, त्यांच्या वंशाचं राज्य 1855 पर्यंत चाललं, आणि त्या दरबाराच्या आधारानं आलेली कुटुंबं पुढे मद्रासलाही पसरली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशी तीन संस्थानं सांभाळलेले दिवाण सर टी. माधवराव याच समाजातले. 1891 मध्ये ते वारले ते इथेच, मैलापूरला. शेजारच्या मामीही याच समाजातल्या. त्यांचं मराठी ऐकताना आई आधी थबकायची, आता दोघी दुपारभर बोलत बसतात. मुठीची चीर पहिल्यांदा मामींनीच पाहिली. सुरी हातात घेऊन चीर उघडून दाखवली आणि तमिळमध्ये म्हणाल्या, ‘‘पिडी पोच्चु.’’ मूठ गेली. मग मराठीत, आईकडे बघून, ‘‘पातं ठेवा.’’

बाकी सगळे म्हणत होते नवी घ्या. लझ कॉर्नरला कुठल्याही दुकानात स्टेनलेसची, प्लास्टिकच्या मुठीची सुरी मिळते, आणि स्वस्त मिळते. तिच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्या सुरीचं प्लास्टिक पात्याच्या शेपटाभोवती, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागाभोवती, ओतलेलं असतं. एक तडकलं की दुसरंही गेलं. जिची मूठ बदलता येत नाही ती सुरी मला अर्धवट वस्तू वाटते, कारण पातं आणि मूठ यांचं आयुष्य कधीच सारखं नसतं.

जुन्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. एग्मोरचं सरकारी म्युझियम 1851 सालचं. तंजावरच्या राजवाड्यातल्या शस्त्रागाराची हत्यारं तिथे ठेवली आहेत. लोक तिथे पाती बघतात, मी मुठी बघत उभी राहते. पोलादाच्या मुठींवर कोरलेली यळी, म्हणजे सिंहासारखी काल्पनिक जनावरं, पोपट, पानं. हाताची पाठ झाकणारे पत्रे. दक्षिणेतल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कित्येक कट्यारींचं पातं मुळात युरोपी तलवारीचं असतं. समुद्रावरून आलेलं, मोडलेलं किंवा तोडून आखूड केलेलं पातं, आणि त्याला इथल्या लोहारानं इथल्या हातासाठी केलेली मूठ. मराठ्यांची फिरंगही तशीच, पातं फिरंग्यांचं आणि मूठ आपली. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून 1875-76 च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेल्या ‘जगदंबा’ तलवारीचंही पातं युरोपात घडलेलं आहे. तलवारीचं शेपूट मुठीच्या पोकळीत राळ-लाखेनं बसवत. मूठ तापवली की लाख मऊ पडते आणि पातं बाहेर येतं. बसवतानाच ती कधीतरी काढावी लागेल हे धरून चाललेलं काम होतं ते. राजाच्या तलवारीला जी सोय होती ती आईच्या सुरीला का नको?

आधी माप. दुकानात मूठ निवडताना आपण आपला हात तिच्याजोगा करून घेतो. घरी करायची तर उलट जाता येतं. जुन्या मुठीवर मी धुतलेल्या लुगड्याची पट्टी गुंडाळत गेले, एक एक वेढा, आणि दर वेळी आईला धरून बघायला सांगितलं. बारीक, बारीक, अजून बारीक. मग एका वेढ्याला तिनं काही न बोलता समोरचा दुधी ओढला आणि कापायला लागली. तिथे थांबून सुतळीनं घेर मोजला. आकारासाठी पुरीसारखी घट्ट कणीक मळली, तिचा वळा करून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, सुरी धरतेस तसा दाब. कणकेवर तिची बोटं आणि अंगठा उमटला. मी अंदाज केला होता त्यापेक्षा ठसे वेगळेच होते. तर्जनीचा ठसा सगळ्यात खोल, मधल्या बोटाचा उथळ, आणि करंगळीचा नाहीच. तळहाताच्या मांसल भागानं मागचं टोक चेपलेलं. म्हणजे आता ती सुरी बोटांनी कमी आणि तळव्यानं जास्त धरते. मूठ मागे जाड हवी होती, तळवा भरेल एवढी.

‘‘अगं, कणीक वाया घालवू नकोस,’’ एवढंच आई म्हणाली. त्याच कणकेच्या पुऱ्या झाल्या.

लाकूड फणसाचं मिळालं. मैलापूरच्या गल्ल्यांमधून मृदंग करणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर काम करतात. मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या, मैफलींचे दिवस जवळ आले की त्यांना मान वर करायला फुरसत नसते. मृदंगाचं खोड फणसाचं, आणि चांगलं फणसाचं लाकूड म्हणजे पनरुटीकडचं. तंजावरची वीणाही फणसाचीच. या कारागीर कुटुंबांची हकीकत गायक टी. एम. कृष्णा यांनी ‘सेबास्टियन अँड सन्स’ या 2020 च्या पुस्तकात मांडली आहे. ज्यांच्या हातांशिवाय मैफल उभीच राहत नाही त्यांची नावं मैफलीत कधी घेतली जात नाहीत, ही खंत त्या पुस्तकात आहे आणि ती खरी आहे. मी ज्यांच्याकडे गेले त्यांनी सुरी उलटसुलट करून पाहिली, आईचं वय विचारलं, आणि कोपऱ्यातल्या तुकड्यांतून एक उचलून नखानं रेषा दाखवली. ‘‘अम्मा, रेषा मुठीच्या लांबीला धरा. आडवी घेतली तर चिरेल.’’ त्यांच्या कामात लाकूड टिकतं आणि कातडं बदलतं, आमच्या कामात लाकूडच बदलायचं. दुरुस्तीचं काम त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. पैसे घेतले नाहीत.

कापलेलं फणसाचं लाकूड पिवळंधमक असतं. हळूहळू ते मधासारखं आणि मग तपकिरी होतं. बौद्ध भिक्षूंची वस्त्रं याच लाकडाच्या रंगात रंगवण्याची जुनी रीत आहे. वाळवी त्याला सहसा शिवत नाही. शिसवाएवढं ते जड नाही, पण आमच्या कामाला हलकंच बरं. मूठ हलकी झाली की सुरीचा तोल पात्याकडे सरकतो आणि पातं थोडंसं आपल्या वजनानं खाली येतं. तेवढाच हाताचा जोर वाचतो.

जुनी मूठ काढण्याआधी पातं फडक्यात गुंडाळून वर चिकटपट्टी घट्ट लावली. हे पहिलं काम, आणि ते टाळू नये. रिव्हेटची डोकी कानशीनं घासली. घासता घासता भोवतीची बारीक गोल रेघ दिसू लागते, तिथे थांबायचं. मग टोक सपाट केलेला खिळा ठेवून हातोडीचे हलके ठोके. खाली भोक पाडलेला लाकडी ठोकळा हवा, म्हणजे रिव्हेटला बाहेर पडायला वाट मिळते. दुसऱ्या रिव्हेटनंतर दोन्ही फळ्या आपोआप सुटल्या.

आत जे दिसलं ते पाहून मूठ का मोडते हे कळलं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आक्रसतं. पोलाद तसं काही करत नाही. मैलापूरला कार्तिकातल्या पावसात दाराच्या चौकटी फुगतात आणि मे महिन्यातल्या अग्निनक्षत्रात त्यांच्याच फटीतून बोट जातं. सांतोमचा समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर, वाऱ्यात मीठ. या ओढाताणीत रिव्हेट सैल होतो, फट पडते, फटीत चिंचेचं आणि मिठाचं पाणी मुरतं, आणि पोलादाला गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. तो फुगतो आणि लाकडाला आतून बाहेर ढकलतो. फळ्यांच्या आतल्या बाजूला लाल-तपकिरी पापुद्रे सुटले होते. इतके दिवस आम्ही मूठ वरून धूत होतो आणि ती आतून जात होती.

गंजलेलं शेपूट रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवलं. सकाळी बोटानं चोळलं तरी बराचसा गंज निघाला. राहिलेला पॉलिश पेपरनं. धुऊन, पुसून, लगेच गॅसजवळ कोरडं केलं, कारण असलं पोलाद ओलं ठेवलं तर दुपारपर्यंत पुन्हा लाल होतं. शेपटाची भोकं शाबूत होती, हे नशीब. पाणी दिलेल्या पोलादाला घरच्या ड्रिलनं नवं भोक पाडणं सोपं नाही. लाकडाच्या दोन फळ्या करवतीनं काढल्या, पातं त्यांच्यावर ठेवून त्याच भोकांमधून हातड्रिल चालवलं, म्हणजे भोकं समोरासमोरच आली. पितळी सळीचे दोन तुकडे, लाकडापेक्षा दोन्हीकडून किंचित लांब. अरल्डाइट दोन्ही नळ्यांतून सारख्या प्रमाणात घेऊन कालवलं आणि भरपूर लावलं. यात काटकसर करू नये, कारण पाणी आत जाऊ द्यायचं नाही ही त्याची खरी कामगिरी. घरात शिकंजा नव्हता. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापली आणि ताणून ताणून सगळ्या मुठीवर गुंडाळली. रबराचा दाब चहूकडून सारखा बसतो, लोखंडी शिकंज्यापेक्षा चांगला.

हे सगळं चाललं होतं ते नवरात्राच्या शेवटी. उत्तर माड वीथीवर बोम्मैंची, म्हणजे बाहुल्यांची, दुकानं लागलेली, घरोघर त्या बाहुल्यांचे गोलू मांडलेले. दुसऱ्या दिवशी नवमी. आपल्याकडची खंडेनवमी, इथली आयुधपूजा. आपल्याकडे शस्त्रं आणि अवजारं पुजतात, इथे रिक्षापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लागतं, कुरमुरे, डाळं आणि गूळ वाटतात, दुकानापुढे कोहळा फोडतात. पूजेत ठेवलेली वही-पुस्तकं, वाद्यं, हत्यारं त्या दिवशी वापरायची नाहीत, विजयादशमीला पुन्हा उचलायची. आईनं ट्यूबमध्ये गुंडाळलेली सुरी तशीच पाटावर ठेवली आणि रबरावरच कुंकू लावलं. अरल्डाइट पुरतं घट्ट व्हायलाही एक दिवस लागतोच. त्या दिवशी घरात मामींच्या अरिवाळमणैवर चिरलेली भाजी आली.

दसऱ्याला ट्यूब सोडली आणि घडवायला सुरुवात केली. आधी पितळी सळीची टोकं. लहान हातोडीनं, कडेकडेनं, फिरवत फिरवत. मधोमध जोरात मारलं तर लाकूड फुटतं. कडेनं मारत गेलं की पितळ हळूहळू पसरून टोपीसारखं बसतं. मग जाड दातांची कानस. हे काम मी आईला समोर बसवूनच केलं. चार हात मारायचे आणि सुरी तिच्या हातात द्यायची.

‘‘इथे टोचतंय.’’

‘‘कुठे, इथे?’’

‘‘नाही गं, खाली. हाडापाशी.’’

तिथलं थोडं काढायचं. पुन्हा द्यायची. मुठीचा छेद पूर्ण गोल करायचा नाही, लांबट ठेवायचा. गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठल्या बाजूला आहे हे बघावं लागतं. लांबट असली की न बघताही हाताला कळतं. अंगठ्याच्या जागी मी मुद्दाम खळगा केला नाही. तो आईला स्वतः करू दे असं वाटलं. शेवटी पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक. मधे एकदा ओल्या फडक्यानं पुसून वाळू दिलं. लाकडाचे तंतू उभे राहतात, ते पुन्हा घासून काढले की नंतर पाण्यात मूठ खडबडीत होत नाही.

तेल कोणतं लावायचं यावर मामींचं आणि माझं एकमत झालं नाही. त्यांचं म्हणणं तिळाचं, इथल्या सगळ्या दुखण्यांवर चालतं ते. पण तिळाचं किंवा खोबऱ्याचं तेल लाकडात ओलंच राहतं. जवसाचं तेल हवेनं सुकतं, घट्ट होतं आणि लाकडाची भोकं बुजवतं. रंगाच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवस तेल मात्र स्वयंपाकघरातल्या वस्तूला नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंची रसायनं घातलेली असतात. खायचं, घाण्याचं जवस तेल घ्यावं, पातळ हात द्यावा, जास्तीचं पुसून काढावं, दिवसेंदिवस सुकू द्यावं, पुन्हा द्यावं. तेल पुसलेली चिंधी पसरून वाळवावी. चुरगळून टाकली तर सुकताना तापते आणि पेटूही शकते.

आता आई त्या सुरीनं केळीचा गाभा चिरते. दक्षिण माड वीथीच्या भाजीबाजारातून मामी तिला हा गाभा, त्यांचा वाळैत्तंडु, निवडून देतात. पातळ चकती कापायची, चकतीबरोबर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघतात, ते तर्जनीवर गुंडाळून घ्यायचे, पुढची चकती कापायची. चिरलेलं ताकात टाकायचं, नाहीतर काळं पडतं. पातंही काळं पडतं, ते लगेच पुसायचं. बोटाला धाग्याचं वळं असताना सुरी सुटू नये यासाठी तळव्यात भरणारी मूठच लागते. पूर्वी ही भाजी मीच चिरत असे, आता ती मला हात लावू देत नाही. अंगठा दुखायचा थांबलेला नाही. कमी दुखतो. फणसाचा पिवळा रंग अंगठ्याखाली जरा गडद व्हायला लागला आहे.

तुमच्याकडे मूठ सैल झालेली सुरी असेल तर आधी पातं बघा. ते सरळ असेल आणि दगडावर धार घेत असेल तर मूठ बदला. कानस, हातोडी, हातड्रिल, दोन पितळी तुकडे आणि थोडे दिवस एवढ्यात काम होतं. आणि ती ज्याच्या हातात जायची आहे त्याचा हात आज कसा आहे ते मोजून घ्या, विशेषतः घरात कुणी म्हातारं माणूस स्वयंपाक करत असेल तर. पातं अगदीच कामातून गेलं असेल तर भंगारवाल्याला द्या. ओल्या कचऱ्याच्या पिशवीत सुरी टाकू नका. ती पिशवी सकाळी कुणीतरी हातानं उचलतं.